ओलूला हवेत धुकं का दिसायचं?

पाण्यात असला, की ओलू पन्नास हातांवरचा खेकडा ओळखायचा. पण पाण्याबाहेर आला, की चार पावलांवर उभी असलेली केतकीही त्याला ओळखू येत नसे. हे आचऱ्याच्या सागर संशोधन केंद्रात अजून कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

ओलू हा पाहुणा होता, आणि तोही साधासुधा नाही. जिथे जमिनीचा तुकडाही नाही, अशा एका पाण्याच्या ग्रहावरून तो २०६१च्या जानेवारीत पृथ्वीवर उतरला होता. त्याचे डोळे नारळाएवढे होते आणि अंग सदा ओलं असायचं, म्हणून अकरा वर्षांच्या केतकीने त्याचं नाव ओलू ठेवलं. केंद्राच्या तलावात तो राहायचा आणि रोज तासभर काठावर येऊन बसायचा. गळ्यातलं भाषांतरयंत्र त्याचं बोलणं मराठीत ऐकवायचं.

उद्या सकाळी तो परत जाणार होता. गावातली मुलं रोज कुंपणापाशी येऊन त्याला हात करत, पण ओलूने एकदाही उलट हात केला नव्हता. "भारीच शिष्ट दिसतो तुमचा पाहुणा," असं काल वर्गातली सुलक्षणा म्हणाली, ते केतकीला फार लागलं होतं.

आज मुलं आली, तेव्हा तिने ओलूला सरळच विचारलं, "तू त्यांना हात का करत नाहीस?"

"कुणाला?" ओलू म्हणाला. "वीतभर अंतरापलीकडे मला नुसतं धुकं दिसतं. तुमची हवाच अशी आहे ना?"

केतकीने आपला चष्मा काढला. कुंपण, मुलं, माड, सगळं एकमेकांत विरघळलं.

"आजोबा, याला माझ्यासारखाच नंबर आहे," ती म्हणाली.

तिचे आजोबा, डॉ. मुकुंद कुबल, केंद्रात प्रकाशाचा अभ्यास करत. ते जवळच टिपणं लिहीत बसले होते. "मग पाण्यात कसं लांबचं दिसतं त्याला?" त्यांनी विचारलं.

केतकीने त्यांच्या टेबलावरचं भिंग आणून ओलूच्या डोळ्यासमोर धरलं. भिंगातून मोठं दिसतं, म्हणजे बरंच दिसेल, असा तिचा हिशेब.

"आता वीतभरही दिसत नाही," ओलू म्हणाला.

आजोबा हसले आणि त्यांनी कुंपणापलीकडच्या पाच मुलांना आत बोलावलं. हातात हात घालून त्यांची एक रांग केली आणि कडक फरसबंदीवरून वाळूत तिरकं चालायला सांगितलं. ज्यांचे पाय आधी वाळूत गेले, ते मंदावले. बाकीचे पूर्वीच्याच वेगाने चालत राहिले आणि अख्खी रांग वळली.

"प्रकाशही असाच वळतो. त्याला अपवर्तन (प्रकाशाचं वाकणं) म्हणतात," आजोबा म्हणाले. "हवेतून काचेत शिरताना त्याचा वेग कमी होतो, आणि तो तिरका शिरला तर वाकतो. केतकी, तू आणलंस ते बहिर्वक्र भिंग (मध्ये फुगीर, कडेला पातळ). ते किरणांना एकत्र आणतं. माझ्या वाचायच्या चष्म्यात, कॅमेऱ्यात, दुर्बिणीत हेच असतं. आपल्या डोळ्यातही तसंच एक भिंग असतं. ते किरणांना दृष्टिपटलावर (डोळ्याच्या आतल्या पडद्यावर) एकत्र आणतं. तुझ्या डोळ्यात ते पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतात, म्हणून तुला लांबचं पुसट दिसतं."

"आणि ओलूच्या?"

"रांग वाळूतून वाळूतच चालली असती तर?"

केतकी विचारात पडली. "वळलीच नसती. म्हणजे... पाण्यातून त्याच्या ओल्या डोळ्यात शिरताना प्रकाश फारसा वाकत नाही. आतलं भिंगच सगळं काम करतं. पण हवेतून शिरला, तर बाहेरच्या बाहेर आधीच वाकतो."

"आणि मग आतलं भिंग आणखी वाकवतं. त्यामुळे किरण तुझ्यासारखेच पडद्याच्या अलीकडे एकत्र येतात. सगळा घोटाळा तिथे आहे."

"मग किरण आधी थोडे पसरायला हवेत," असं म्हणून केतकीने हातातल्या चष्म्याच्या काचेवरून बोट फिरवलं. मध्ये पातळ, कडेला जाड. हे अंतर्वक्र भिंग. तिने ते ओलूच्या डोळ्यासमोर धरलं.

ओलूने हळूच हात वर केला. चष्म्याविना केतकीला मुलांचे चेहरे दिसत नव्हते, पण त्यांचा गलका तिला ऐकू आला. त्यात सुलक्षणाचा आवाज सर्वांत मोठा होता.

"तुला उद्यापर्यंत मोठा चष्मा करून देतो," आजोबा ओलूला म्हणाले.

"एक पुरणार नाही," ओलू म्हणाला. "आमच्या समुद्रावर आकाश आहे, हे आम्हाला यंत्रांनी सांगितलंय. पण डोळ्यांनी ते आजवर कुणी पाहिलेलं नाही."

आजोबांनी टिपणवही मिटली आणि ते उठले. "मग भिंग घासायलाच शीक. चल, कार्यशाळेत."

ओलू निघाला. केतकी त्याच्या डोळ्यापुढे चष्मा धरून चालत होती, आणि तिला पायऱ्या दिसत नव्हत्या, म्हणून तोच तिला सांगत होता, "इथे एक पायरी आहे. आता दुसरी."