व्रानिनोच्या फाटकावरचा कागद

मेतोदी, भट्टीत एक ओंडका सरकव आणि खाली बस. पहिली धार यायला अजून अवकाश आहे. यावोर, तूही तो फोन खिशात घाल. आज तुम्ही सगळे इथंच हवे आहात मला. एक गोष्ट सांगायची आहे. घडलेली आहे, आणि ज्याच्या बाबतीत घडली तो माणूस जिवंत आहे. आजवर मी ती कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. आज का सांगतोय ते शेवटी कळेल. तोवर मी एकेकाच्या तोंडाकडे बघत राहीन, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मला सवयच आहे ती. पेपरच्या कचेरीत आयुष्य काढलं की माणूस कुणाच्या शब्दावर जात नाही.

मी पेपरची गाडी चालवायचो आणि शेजारच्या सीटवर स्पास बसायचा. स्पास फोटोग्राफर. तुम्ही बालवाडीत ससे होऊन नाचलात ना, ते फोटो त्याचेच. नगराध्यक्षानं फीत कापली, बोलवा स्पासला. पाइप फुटून रस्ता वाहिला, बोलवा स्पासला. कुणाच्या परसात वासराएवढा भोपळा धरला, तरी स्पासच. जिल्ह्यातला असा एक चेहरा नव्हता जो त्याच्या कॅमेऱ्यातून गेला नाही.

त्यामुळे दुसरंही एक काम त्याच्या गळ्यात पडलं. घरात माणूस गेलं की काळ्या चौकटीचा कागद छापायचा, दारावर, खांबावर, बसथांब्यावर चिकटवायचा. त्यावर फोटो हवा. आणि आपल्याकडच्या म्हाताऱ्यांचे फोटो असतात कुठं? एक लग्नातला आणि एक ओळखपत्रावरचा, त्यात सगळेच तुरुंगातून सुटल्यासारखे दिसतात. म्हणून लोक आधी पाद्र्याकडे जायचे आणि मग स्पासकडे. हा कुठल्यातरी जत्रेच्या गर्दीतून ते तोंड शोधायचा, आजूबाजूची माणसं कापायचा, मोठं करून द्यायचा. म्हाताऱ्या त्याला कागदवाला म्हणायच्या. जत्रेत तो समोर आला की एकमेकींना कोपरानं ढोसायच्या, दात नको काढूस गं, हाच लागेल खांबावर.

तर एका वर्षी व्रानिनोची साव्का आजी वारली. व्रानिनो तुम्हाला माहीत आहे, नदीपलीकडचं. तेव्हा तिथं थोडी धुराडी पेटायची, आता तीही नाहीत. साव्काला मूलबाळ नव्हतं. पुतण्या स्पेनमध्ये बांधकामावर. त्यानं तिथूनच फोन केला, गावच्या जत्रेत गाणाऱ्या बायकांचा तुमचा फोटो आहे, त्यातली काळा रुमाल बांधलेली, समोरची, ती माझी काकू. स्पासनं तो जुना फोटो शोधला, समोरची तेवढी कापून घेतली, कागद छापले, गावात लागले. झालं.

आणि ती साव्का नव्हतीच. ती होती तिच्या शेजारच्या घरातली गेना. धडधाकट, जिवंत.

हसू नका. अशी चूक आपल्याकडेच व्हायची. विधवा झाली की काळा रुमाल, आणि एकदा तो बांधला की सगळ्या एकीसारखी एक. मला मात्र पुतण्याचाच संशय आला. काकूचं तोंड कुणी विसरतं का? गेनाचं शेत त्याच्या शेताला लागून होतं. पाणी कुठंतरी मुरतंय असं मी स्पासला म्हणालो. तो म्हणाला, पंधरा वर्षं आला नाही तो गावाकडं, काका, सगळ्या म्हाताऱ्या त्याला सारख्याच दिसणार.

गेना आजी सुरुवातीला हसली म्हणे. लोकांनीही तिला सांगितलं, मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतं. पण कागद काही कुणी काढला नाही. लागलेला कागद आपण काढत नाही, तो पावसानंच जायचा. स्वतःचं तोंड आणि खाली साव्काचं नाव, हे बघत ती रोज पाण्याला जायची.

मग तिचा कचेरीत फोन आला. नोव्हेंबरमधल्या पितरांच्या शनिवारच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी. स्पासनं आवाज मोठा करून ठेवला होता म्हणून मीही ऐकलं. ती भांडत नव्हती. हळू आवाजात बोलत होती.

"पोरा, ती रात्री येते. आधी स्वतःच्या फाटकावरचा कागद चाचपते, मग माझ्या खिडकीशी येऊन उभी राहते. म्हणते, माझं तोंड दे. उद्या तिला जाऊन चाळिसावा दिवस, आणि उद्याच पितरांचा शनिवार. पाद्री तिचं नाव वाचणार. नाव तिचं आणि तोंड माझं. मग ती कुणाचं तोंड घेऊन जाईल, तूच सांग. आज ते कागद उतरव. सकाळच्या घंटेच्या आत."

संपादक म्हणाला, म्हातारीला एकटेपणानं भास होतायत, आणि दुरुस्ती वगैरे काही छापायची नाही. मलाही तेच वाटलं. किंवा तिला सोबत हवी असेल, म्हाताऱ्या काय वाट्टेल ते रचतात. स्पास मात्र पांढरा पडला होता. म्हणाला, ती भीतीनं जरी गेली ना काका, तरी माझ्यामुळंच गेली असं होईल. तो पुन्हा तो जत्रेचा फोटो उघडून बसला. साव्का होती त्यात. मागच्या रांगेत. गेनाच्या खांद्याआड. रुमालाची एक कड आणि अर्धा गाल, बाकी काही नाही. लावण्याजोगा फोटोच नव्हता. शेवटी त्यानं फोटोऐवजी नुसता क्रूस घालून नवे कागद छापले आणि खळीचा डबा घेतला.

वाटेत एका भोपळ्याचा फोटो काढायचा होता, तो उरकला. व्रानिनोच्या पुलाशी पोचलो तेव्हा अंधार झाला होता. धुकं नव्हतं, पाऊस नव्हता, साधी कोरडी थंडी. कॅमेऱ्याची पिशवी मागच्या सीटवर. मी म्हणालो, मी इथंच बसतो, गुडघे दुखतायत. खरं सांगायचं तर मला तो मूर्खपणा वाटत होता. तो विजेरी घेऊन गेला. गाडीची दारं मी आतून लावून घेतली.

इथून पुढचं स्पासनं मला सांगितलेलं. मी फक्त विजेरीचा उजेड बघत होतो.

पहिला कागद बसथांब्यावर. गेना. हसरी, एकटी, त्यानं कापली होती तशी. ओरबाडला, खिशात घातला, नवा लावला.

दुसरा पाणवठ्यावर. तोही गेनाच. पण खांद्यामागं काहीतरी काळं. रुमालाची कड. स्पासला वाटलं, कापताना राहिली असेल. मग आठवलं... सगळे कागद एकाच फोटोवरून छापलेले. एकात राहिली तर सगळ्यांत राहायला हवी.

तिसरा चर्चच्या दारावर.

त्यावर कड नव्हती. कान होता. गाल होता. आणि गेना जरा डावीकडं सरकलेली... कुणी खेटून उभं राहिलं की आपण सरकतो ना, तशी.

इथं मला दिसलं, उजेड थांबला. बराच वेळ थांबला. मी हॉर्न द्यायला हात उचलला आणि दिला नाही. का दिला नाही, विचारू नका.

मग उजेड चढाला लागला. साव्काच्या घराकडं.

फाटकावर कागद होता. स्पास म्हणाला, मी विजेरी आधी जमिनीवरच धरली. वर करायचा धीर होईना. मग केली.

गेना नव्हती.

एकच बाई. काळा रुमाल. पूर्ण चेहरा, समोरून. जो चेहरा त्याच्याकडं कधी नव्हताच...

त्यानं हात वर केला. कागदाचा कोपरा धरला. ओढला. येईना. खळ तर केव्हाच वाळलेली. पुन्हा ओढला. पलीकडून कुणीतरी धरलाय असं वाटलं...

मग सुटला.

तो धावतच आला. मी दार उघडलं. खिशातले सगळे कागद त्यानं माझ्या मांडीवर टाकले, बघा म्हणाला. मी गाडीतला दिवा लावून एकेक पाहिला. सगळ्यांवर गेना. हसरी, एकटी. फाटकावरच्या कागदावरही.

मी त्याच्या तोंडाचा वास घेतला. प्यायला नव्हता.

गेनाला बघायला मग आम्ही दोघं गेलो. तिच्या खिडकीत मेणबत्ती होती. दार तिनं उघडलं नाही, खिडकीच किलकिली केली. जिवंत होती, ताठ उभी होती. स्पासच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, उतरवले सगळे, आजी, आता झोप.

ती त्याच्याकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघून बोलली.

"दिवेलागणीलाच येऊन गेली ती. आज तोंड नाही मागितलं. विचारलं, मला कापलं कुणी?"

तिनं खिडकी आणखी जराशी ओढून घेतली.

"मी एकटी बाई. काय करणार होते? सांगितलं नाव."

मग तिनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि पितरांसाठी शिजवलेले गहू स्पासच्या ओंजळीत घातले. गहू देताना नाव घ्यायचं असतं, अमक्याच्या आत्म्यासाठी म्हणून. तुमच्या आज्याही घेतात. तिनं नाव घेतलं नाही. नुसते दिले आणि खिडकी लावून घेतली. मला त्या म्हातारीचा तेव्हा जो राग आला तो अजून गेलेला नाही.

आम्ही परत निघालो. दुसरा कुणी असता तर सिगरेट पेटवली असती, त्यानं कॅमेरा मांडीवर घेतला. सवय. मागे मागे जात फोटो बघत बसायचा. शेवटचा फोटो भोपळ्याचा असायला हवा होता.

नव्हता. भोपळ्यानंतर आणखी एक होता.

मी गाडी कडेला घेतली. आम्ही दोघांनी तो पाहिला. काळोख. एक वर उचललेला हात, बोटं पुढं आलेली, नखांतली खळसुद्धा दिसत होती. हातामागं स्पास. त्याचं अर्धं तोंड. उरलेलं अर्धं चौकटीबाहेर कापलेलं.

नीट ऐका. तो फोटो फाटकावर, कागदाच्या जागेवरून काढलेला होता. फाटक जाड लाकडाचं, बंद. आणि कॅमेरा गाडीत, माझ्या पाठीमागं, दारं आतून लावलेली.

स्पासनं तो माझ्यासमोर पुसला. मी बोटाकडं बघत होतो. पुसला, कार्ड बाहेर काढलं, दातांनी वाकवून मोडलं आणि पुलावरून नदीत टाकलं.

सकाळी घंटा झाली. पाद्र्यानं साव्काचं नाव वाचलं. गेनाला काही झालं नाही. पुढं बरीच वर्षं जगली आणि आपल्या अंथरुणात झोपेत गेली. म्हणजे ज्यासाठी गेलो होतो ते झालं. पण स्पासनं पेपर सोडला, समुद्राकडं मुलीच्या घरी राहायला गेला. टोमॅटो लावतो. आपला फोटो कुणाला काढू देत नाही, नातवंडांनाही नाही. आणि दर वर्षी पितरांच्या शनिवारच्या आदल्या दिवशी मला फोन करतो. एकच गोष्ट विचारतो, काका, व्रानिनोला जाऊन आलात का? मी आधीच जाऊन आलेला असतो. सांगतो, फाटक रिकामं आहे रे, झोप आता. मग तो टोमॅटोचं बोलतो.

यंदाही गेलो. परवा, दुपारी, उन्हात. गावात आता कुणी नाही, कुत्रंसुद्धा नाही. फाटकावर कागद होता.

नवा. मी बोट लावलं. खळ ओली होती.

चौकट काळी. नाव नाही. तारीख नाही. नुसता फोटो. वर उचललेला हात... आणि अर्धं तोंड.

काढायला मी हात वर केला होता. मग दिसलं की आपला हात अगदी तसाच वर गेलाय. खाली घेतला. तसाच परत आलो.

आता ऐका. मी रागावणार नाही. परवा तुम्ही तिघं-चौघं अळंबी गोळा करायला नदीपलीकडं गेला होता, मला माहीत आहे. यावोर, तुझ्याकडं छापायचं यंत्र आहे. आणि त्या फोनवर आजकाल हवा तो फोटो बनवता येतो म्हणे. म्हाताऱ्याची चेष्टा करावी वाटली असेल. पोरवय आहे, होतं असं. मी कुणाच्या बापाला सांगणार नाही.

त्या फोटोचं तुम्हाला कसं कळलं, तेही विचारणार नाही.

उद्या शुक्रवार. उद्या त्याचा फोन येणार. तो विचारेल तेव्हा मला त्याला सांगता आलं पाहिजे की पोरांनी चावटपणा केलाय, दुसरं काही नाही.

मेतोदी?

...

यावोर, वर बघ. माझ्याकडं बघ.

...

बोला ना रे. खोटं का होईना, कुणीतरी हो म्हणा.