कळ दाबणारा

चिकलठाण्याच्या बंद पडलेल्या पंप कारखान्यात आता पाण्याच्या टँकरचा तळ होता. दैवालाही थट्टेची खोड असते. पाऊस दोन वर्षं रुसलेला, आणि शहर मात्र जालना रोडनं हातपाय पसरत चाललेलं. या जागी बारा मजले उभे राहणार होते. हिशेबखात्याच्या खोलीत तेवढा एक जुना संगणक उरला होता, कपाटाएवढा, पुढच्या पाटीवर दिव्यांची रांग असलेला.

"चारला भंगाराची गाडी येतीय, सर," बिल्डरच्या ऑफिसातली तनुजा सुदर्शनला म्हणाली होती. "चालू झालं तर नव्या बिल्डिंगच्या दालनात मांडू. नाही तर आमचे साहेब ऐकायचे नाहीत."

सुदर्शननं मान डोलावली. निवृत्तीनंतर त्याचे गुडघे गेले होते, झोप गेली होती, आणि गेल्या चैत्रात त्याचा कामातला जोडीदार रामकिसनही वारला. दोघांनी मिळून हे यंत्र वीस वर्षं जगवलं होतं. ते किलोवर विकलं गेलं तर आपली उमरही त्याच काट्यावर चढेल, असं सुदर्शनला वाटत होतं, आणि ते त्याला सोसवत नव्हतं.

यंत्राला वीज पोचत होती, पण क्लॉक नव्हतं. क्लॉक म्हणजे यंत्राची नाडी. ठोका पडेल तेव्हाच ते एक पाऊल टाकणार. सुदर्शननं पाठीमागचं दार काढलं आणि तारांच्या जंजाळात तपासणीची सुई टेकवली. ठोका पडद्यावर रेघेनं दाखवणाऱ्या शेजारच्या ऑसिलोस्कोपवर सरळ रेघ. ठोका देणारा क्रिस्टल बदलला. रेघ सरळच.

असं झालं की एकच उपाय असायचा. पुढच्या पाटीवर एक कळ होती. ती दाबली की हातानं एक ठोका मिळे. सोयगावचा रामकिसन पुढं बसायचा, सुदर्शन मागं. मधे यंत्र, त्यामुळं एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. मागून सुदर्शन "हं" म्हणायचा, रामकिसन कळ दाबायचा. ठोका कुठवर पोचतो ते बघत बघत बिघाडाची जागा सापडायची.

"सुदर्शनराव, लई येळ पुढं बसलो, येकदा मला बसू द्या की मागं," रामकिसन म्हणायचा.

"बसा की, उद्या," हे उत्तर ठरलेलं.

घाम पुसत सुदर्शननं सुई पुन्हा टेकवली आणि सवयीनं पुटपुटला, "हं."

रेघेवर एक उंचवटा येऊन गेला.

हात हलला असेल. त्यानं सुई घट्ट धरली. "हं." पुन्हा एक. मग तो मुद्दाम गप्प राहिला. बाहेर एक टँकर भरून गेटबाहेर पडला, तोवर रेघ सरळ होती.

तो उठून पुढं गेला. खोलीत कुणी नव्हतं. स्टूल रिकामं. पाटीवर धुळीचा थर, आणि कळ तेवढी पुसल्यासारखी स्वच्छ.

पण चार वाजत आले होते, आणि मदतीला आलेल्याला गाव विचारत बसायची ती वेळ नव्हती. तो मागं येऊन बसला.

"हं." ठोका. पुढच्या तारेवर "हं." ठोका. त्याच्या पुढच्या तारेवर काहीच नाही. तिथला, तार जोडणारा कथलाचा डाग निखळला होता. त्यानं नवा डाग दिला, आणि रेघेवर ठोक्यांची रांग आपोआप धावू लागली.

तनुजा दारात आली. पळणारे दिवे बघून हसली. "गाडी नको म्हणून सांगते, सर." फोन कानाला लावून ती बाहेर गेली.

सुदर्शन पुढं येऊन स्टुलावर टेकला. आज रामकिसन हवा होता, असं वाटून त्याला भरून आलं.

"रामकिसनभाऊ, आपलं वाचलं," तो म्हणाला.

दिवे जागच्या जागी थांबले.

यंत्राच्या मागून कुणीतरी म्हणालं, "हं."

सुदर्शनचं बोट कळेवर गेलं. त्यानं ते नेलं नव्हतं. एक दिवा पुढं सरकला.

"हं."

तनुजा परत आली. "सर, बंद पडलं का?"

"नाय, चालू हाय," बोट न उचलता सुदर्शन म्हणाला. "तुम्ही जावा घरी. आम्हाला अजून लई येळ लागंल."