पाटीवरचं भूत

वडिलांचा खोकला काही केल्या हटत नव्हता, म्हणून डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे लिहून दिला आणि थोरल्या लेकीने तो स्वतःच काढायचं ठरवलं. पोरं मार्गी लावून, चाळिशी उलटल्यावर ती हे तंत्र शिकायला बसली होती. हौसेला मोल नसतं. वाचनालयातलं जाडजूड पुस्तक, फोनवरची फुकट व्याख्यानं, यंत्राबरोबर आलेली माहितीपुस्तिका, सगळ्याचा तिने फडशा पाडला होता. हाड किरणांना अडवतं म्हणून ते पांढरं दिसतं, हवा त्यांना वाट देते म्हणून फुप्फुस काळं, हे ती भाजी निवडतानाही घरच्यांना समजावायची. वडील तेवढे मन लावून ऐकायचे. जन्मभर रेल्वेचं इंजिन चालवलेला माणूस. सिग्नल पडल्याशिवाय जागचं हलायचं नाही, हा त्यांचा स्वभावच होऊन बसला होता.

जेवणाची वेळ असल्यामुळे इस्पितळाच्या तळघरातला एक्स-रे विभाग सुनसान होता. तिला शिकवणाऱ्या ताई, तू काढून ठेव, मी आलेच, असं सांगून गेल्या होत्या. वडिलांनी उघडी छाती किरण टिपणाऱ्या पाटीला टेकवली. ती काचेआड गेली आणि माईकचं बटण दाबून म्हणाली,

"मोठा श्वास घ्या... धरा..."

पडद्यावर चित्र उमटलं आणि ती खुर्ची पुढे ओढून त्याच्यावर वाकली. उजव्या फुप्फुसात, वरच्या अंगाला, बटणाएवढी पांढुरकी सावली होती. वडील शर्ट चढवून बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. पाणी हवं का विचारलं, तर त्यांनी नुसता हात हलवला.

मग तिला माहितीपुस्तिकेतलं एक पान आठवलं. कधीकधी आधीच्या पेशंटची पुसट छबी पाटीवर चिकटून राहते. ताई तिला सरळ 'भूत' म्हणायच्या. खात्री करायची रीत सोपी होती. पाटीसमोर कुणालाही उभं न करता एक एक्स-रे काढायचा. पाटी स्वच्छ असेल तर नुसता काळा चौकोन येतो. सावली आली, तर ती पाटीची, वडिलांची नव्हे. तिने मनोमन हात जोडले आणि बटण दाबलं.

सावली आली. तिचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. सावलीभोवती बरगड्या होत्या, गळ्याची हाडं होती, अख्खी छाती होती, आणि सगळं ठसठशीत. फुप्फुसं तळापर्यंत हवेने भरलेली. समोर कुणीतरी श्वास धरून उभं होतं म्हणा ना. पण काचेपलीकडची खोली रिकामी होती.

खरं तर तिला भीती वाटायला हवी होती. तिला आधी कुतूहलच वाटलं, शिकणाऱ्याची खोड ती. आणि मग एकदम लक्षात आलं, आपलं 'सोडा' म्हणायचं राहूनच गेलं. नवशिक्यांची नेहमीची चूक. चित्र आलं की त्याच्यात डोकं घालून बसतात आणि पेशंट बिचारा ताटकळतो.

तिने रिकाम्या खोलीकडे बघत पुन्हा माईक चालू केला.

"सोडा..." ती हळूच म्हणाली.

आणि आणखी एक एक्स-रे काढला. त्याच बरगड्या आल्या, तीच सावली. फुप्फुसं मात्र आखडून वर सरकली होती, श्वास सोडल्यावर सरकतात तशी. चिकटलेली छबी श्वास सोडते असं कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

तेवढ्यात बाहेरून एक लांबलचक उसासा ऐकू आला. माईकवरचं बोलणं बाहेर जात नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती दार ढकलून धावली.

वडील बाकावर ताठ बसले होते.

"बरं झालं बाई, सोडा म्हणालीस," ते म्हणाले. "केव्हाचा धरून ठेवला होता..."

तिने त्यांच्या छातीवर तळहात टेकवला. छाती खाली गेलेली होती. तिने वाट पाहिली. छाती काही वर येईना. वडील तिच्या तोंडाकडे बघत होते, अगदी शांतपणे.

"आता घेऊ का?" त्यांनी विचारलं.