सीटच्या दांड्याची छत्री

माणसाने आजवर लावलेले सगळे थोर शोध मुळात पावसापासून डोकं वाचवण्यासाठी आहेत: छप्पर, छत्री, आणि सर थांबेपर्यंत कुणाच्या तरी दारात उभं राहणं. त्याच मालिकेतला पुढचा शोध आमच्या सायकल-मिस्त्रीने लावला. तो जुन्या ट्यूबचा चार बोटं तुकडा होता, आणि मिस्त्रीने तो उलटा बसवला.

झालं असं, की एका ओल्याचिंब सकाळी एक तरुणी आपली बॅटरीवरची सायकल ढकलत दुकानात आली. कवळ्या बनवणं हा तिचा व्यवसाय. मागच्या डब्यात तीन म्हाताऱ्यांचं हसू होतं आणि ते दवाखान्यात पोचवायचं होतं. पण सीटचा दांडा जिथे सांगाड्यात शिरतो, तिथल्या फटीतून पाणी थेट खालच्या वायरींपर्यंत जायचं आणि सायकल ऐन चढावर बसकण मारायची.

मिस्त्रीने सायकल छताच्या आकड्यांना उलटी टांगली, आतलं पाणी निथळू दिलं, दांड्याला ग्रीस लावलं. मग ट्यूब कापून एक छोटी रबरी छत्री केली. एक तोंड अरुंद, एक पसरट. पसरट तोंड त्याने शिस्तीत जमिनीकडे केलं आणि पट्ट्याने आवळलं. सायकल उलटी टांगलेली आहे हे तो साफ विसरला. विसरायला कारण होतं. ती ओढणी पिळत शेजारीच उभी होती आणि विचारत होती, "हे असं... आधी कुणासाठी केलंय?"

"नाही," तो म्हणाला. "तुमच्या — म्हणजे तुमच्या सायकलच्या आधी नाही."

सायकल सुलटी करताना त्याने सायकल सोडून सगळीकडे पाहिलं, तेही एकाच दिशेला. वर छाती फुगवून सांगितलं, की थेंब जरी आत गेला तर दुकानाची पाटी उतरवेन. पाटीवर आजोबांच्या अक्षरात 'खात्रीचे काम' असं लिहिलेलं होतं. मागे घमेल्यात ट्यूबा बुडवून पंक्चर शोधणारी त्याची आत्या तोंडावर हात ठेवून हसली. हात न ठेवता ती कधीच हसत नसे.

चौथ्या दिवशी पुन्हा पाऊस, आणि सायकल ढकलत ती पुन्हा हजर.

मिस्त्रीने दांड्याकडे पाहिलं. रबरी छत्री आभाळाकडे तोंड वासून बसली होती आणि पाण्याने काठोकाठ भरली होती. त्याचं खात्रीचं काम चार दिवस गावभर मिरवून आलं होतं. त्याचे कान तापले. त्याने शिडी बाहेर नेली आणि भर पावसात पाटीचा पहिला स्क्रू काढायला घेतला. समोरच्या सलूनमधून दोन अर्धवट दाढ्या बघायला बाहेर आल्या.

ती शिडी धरायला धावली. "खाली उतरा आधी."

"शब्द दिला होता."

"मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं... घरी गेल्यावर."

स्क्रू अर्ध्यावर थांबला. नुसता पट्टा सैल करून ते सुलटं का केलं नाही, असं त्याने वरूनच विचारलं. ती शिडीच्या पायरीशी बोलू लागली.

"कवळीत केसाएवढी चूक असली तरी मला कळते. ही कळणार नाही? पण सुलटं केलं असतं, तर पाणी गेलं नसतं. आणि पाणी गेलं नसतं, तर... इथे काय सांगून आले असते?" मग आणखी हळू आवाजात, "माझ्यापायी आज एक आजोबा दातांशिवाय बसलेत. लाज वाटते हो सांगायला."

तो खाली उतरला. दोघांचे चेहरे सारखेच लाल होते. तो म्हणाला, त्या आजोबांकडे माझ्या सायकलवरून जाऊ, दोघंही. मग जरा अडखळला.

"आणि... उद्या ऊन पडलं तर?"

"तरी येईन," ती म्हणाली. "तू फक्त ती पाटी नीट लाव."

अर्धवट दाढ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. आत्या ओले हात पुसत दारात आली, तशी ती दोघं पोरं चोरी पकडल्यासारखी अंग चोरून उभी राहिली. आत्याने तोंडावर हात धरला, घसा साफ केला.

"पोरी, तू आता येणारच आहेस, तर सवडीने माझीही कवळी बघशील का? हसले की खाली येते गं."