बसा की

बस ना, अशी उभी काय राहिलीस? ती सतरंजी ओढून घे. तुझे यजमान कचेरीत चार माणसांना भेटून टांग्यानं परत यायचे म्हणजे दिवेलागण होणारच. तोवर आपण ओसरीवर बोलत बसू. घर तर मघाशी दाखवलंच तुला. पूर्वेकडचं अर्धं तुमचं, विहीर दोघांत मिळून, आणि परसातला कढीपत्ता वाटेल तेवढा ओरबाडायचा.

दचकलीस का? आत खोकतायत ते आमचे हे. जुना खोकला आहे, होईल सवय.

कंदील इथंच लावून ठेवते. लढाई संपली तरी रॉकेलची मारामार काही संपली नाही, म्हणून वात बारीक ठेवते झालं. तर तुझं म्हणणं, मुंबई सोडून बेळगावात यावं की न यावं. कल्याणी, हा प्रश्न मलाही पडला होता. मी गिरगावातली. चाळीत वाढले, चाळीतच दिली. बेळगाव म्हणजे लोणी आणि कुंदा, याच्यापुढे मला काही ठाऊक नव्हतं.

आधी चांगलं काय ते सांगते. हवा. चैत्रातसुद्धा पहाटे पांघरूण ओढावंसं वाटतं. बेळगुंदीकडचा तांदूळ असा, की भात रटरटायला लागला की शेजारी विचारतात, आज पाहुणे का? दूध दुधासारखं. पोटभर झोप. आणि वाईट म्हणशील तर माणसं. म्हणजे वाईट नाहीत गं, पण ती येतात. चाळीत एवढी माणसं भिंतीला भिंत लावून राहायची, पण जाता-येता दारातच दोन शब्द बोलून पुढे व्हायची. इथं कधीही कुणीही येतं, आणि आमटीत काय घातलंय ते झाकण काढून बघतं.

आणि निघायला तर कोण वेळ लावतात! बसल्याजागी म्हणणार, 'येऊ का?' आपण म्हणायचं, 'बसा की, एवढी काय घाई आहे?' मग दाराशी पुन्हा 'येऊ का?', पुन्हा 'बसा की.' मग उंबऱ्यात उभं राहून पुन्हा तेच, आणि आपण 'या' म्हटलं की मगच पायरी उतरायची. आपण मुंबईकरही निघताना येतेच म्हणतो, पण ते बोलायची पद्धत म्हणून. इथं समोरच्यानं 'या' म्हटल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. कानडी बायकासुद्धा निघताना 'बरतेनरी' म्हणतात, म्हणजे येतेच. जाते असं या गावात कुणी म्हणतच नाही.

मला या 'येऊ का'ची गंमत वाटायची. येणारी बाई बाहेरून विचारते येऊ का, जाणारी आतून विचारते येऊ का, आणि दोघींना उत्तर एकच, या. एका शब्दावर माणूस आतही येतो आणि बाहेरही जातो. मी ह्यांना म्हणायचेसुद्धा, एखाद्या दिवशी घोटाळा होईल.

हे गिरणीच्या ऑफिसात कारकून होते. कापसाची धूळ आणि दमट हवा यांनी छाती पोखरली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, मुंबईत राहिलात तर यांचा पुढचा पावसाळा धरू नका. मग ह्यांनी शाळांतून अर्ज केले. निपाणीहून बोलावणं आलं होतं, पण तिथं तंबाखूच्या वखारी, हंगामात हवेत नुसता खकाणा. म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात. तेवढ्यात इथल्या शाळेचं जमलं आणि कारकुनाचे उपेंद्रमास्तर झाले.

निघताना मला म्हणाले, 'प्रमोदिनी, दिवाळीपर्यंत बघ. तुझं मन रमलं नाही तर परत जाऊ.' आणि गेले असते गं. मी नुसतं तोंड पाडलं असतं तरी वळकटी बांधली असती त्यांनी. म्हणून ठरवलं, काही झालं तरी तोंड पाडायचं नाही.

आलो ते याच घरात, भाड्यानं. तेव्हा इथं टिळकवाडीत बंगले थोडे, मधे भाताची शेतं, आणि संध्याकाळी इतकं शांत की मला कानांना दडे बसल्यासारखं वाटे. श्रावणातली गोष्ट. मी देवाजवळ दिवा लावत होते आणि हे शाळेतून यायचे होते. बाहेरून बाईचा आवाज आला, दबका, अगदी अदबीचा. 'येऊ का?'

आली आणखी एक, असं मनात म्हणून मी म्हटलं, 'या.'

पदर सारखा करून बाहेर आले तर ओसरी रिकामी. फाटकाला आतून कडी होती. अंगणातल्या चिखलात पाऊल उमटलेलं नाही. भास झाला म्हणून मागे वळले, आणि माजघरातून वास आला. खळीचा. शहापुरात कोष्टी लोक मागावर घालायच्या आधी सुताला खळ लावतात, त्या गल्ल्यांतून गेलीस की येईल तुला तो वास, आंबूस, ओलसर. आमच्या घरात तो यायचं काही कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा आवाज आला. पण बाहेरून नाही. माझ्या पाठीमागून, माजघरातून. 'येऊ का...?'

भीती वाटली का म्हणतेस? वाटली की. हातातली काडी बोटापर्यंत जळत आली तरी कळलं नाही. पण मला चौकशीची खोड आहे, आणि भीतीपेक्षा ती खोड मोठी. बेळगुंदीहून मालुबाई भाजीची पाटी घेऊन यायची. तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, 'मालुबाई, आमच्या आधी या घरात कोण राहायचं?'

'चिंतामणी वकील की वो. का?'

'संध्याकाळी कुणीतरी येतं.'

तिनं निवडत असलेली मेथी खाली ठेवली. 'येऊ का म्हन्त्यात?'

मी मान हलवली.

'त्या शापूरच्या गुणाबाई. कोष्ट्याच्या घरच्या. वकिलाकडनं हळदीकुंकवाचं बोलावनं गेलतं, नवं लुगडं नेसून लई हौसेनं आलत्या. निघताना उंबऱ्यात हुब्या ऱ्हाऊन इच्यारलं, येऊ का. आत वकिलीनबाई आन बाकीच्या, त्यांच्याच बोलन्याची नक्कल करून हसत हुत्या. कुनी या म्हनंना. लई येळ हुब्या ऱ्हायल्या बिचाऱ्या. मग तितंच गेल्या.'

'गेल्या म्हणजे? घरी?'

'न्हाय वो आक्का. गेल्या.'

मग माझ्याकडं रोखून बघत म्हणाली, 'तुमी काय म्हनला?'

'या म्हटलं.'

'तवा बाहीर हुत्या का आत?'

'बाहेर.'

'मग आत घेतलासा तुमीच.' तिनं पाटी डोक्यावर घेतली आणि तडक निघाली. रोज निरोप घ्यायला घटकाभर लावणारी बाई, त्या दिवशी 'येऊ का' म्हणाली नाही.

ह्यांना सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर त्याच रात्री सामान बांधलं असतं. इकडे ह्यांचा खोकला कमी झाला होता, गालावर मांस दिसायला लागलं होतं, आणि सुटीच्या दिवशी बेळगुंदीच्या वाटेनं लांबवर फिरून येऊन गरम भात मागायला लागले होते. दुसरं घर बघावं तर टिळकवाडीत रिकामं नव्हतं, आणि पेठेतल्या कोंदट खोल्या त्या छातीला चालणार नव्हत्या. मुंबई म्हणजे मरण आणि हे घर म्हणजे हे असं. सांग, काय करायचं माणसानं?

म्हटलं, बाईला हवं तरी काय? निरोपाचा एक शब्द. तो द्यावा. पण एकदा 'या' म्हटलं तर आत आली, पुन्हा म्हटलं आणि आणखी जवळ आली तर? मग अक्कल लढवली. आपण उंबऱ्याबाहेर, पायरीवर उभं राहायचं. ती आत, मी बाहेर. मग 'या'चा अर्थ कसाही लावला तरी बाहेरच होतो.

दिवा लावला आणि पायरीवर जाऊन उभी राहिले. शेतातले बेडूक एकदम गप्प झाले. आतला अंधार उंबऱ्यापर्यंत येऊन थांबलेला. खळीचा वास आला, आणि मग तो आवाज.

'येऊ का...?'

मी तोंड उघडलं, आणि माझ्याआधी आतून हे बोलले. 'बसा की. एवढी काय घाई आहे?'

त्या दिवशी शाळा लवकर सुटली होती. मी विहिरीवर असताना मागच्या दारानं येऊन माजघरात आडवे झाले होते, मला पत्ताच नाही. बायकोकडे कुणी आलंय आणि निघालंय, असं समजून त्यांनी इथली रीत पाळली. मी धावत आत गेले तर हे खाटेवर उठून बसलेले.

'तुझी मैत्रीण भारी लाजाळू दिसते,' म्हणाले. 'त्या कोपऱ्यात बसली ती भिंतीकडे तोंड करून. बरं वाटत नाही का तिला?'

कोपऱ्यात रिकामा पाट होता.

त्यानंतर आवाज बंद झाला. वास मात्र त्या कोपऱ्यात राहिला. दिवाळीला ह्यांनी विचारलं, काय गं, जायचं का परत? मी म्हटलं, मुळीच नाही. कारण तोवर एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. शेजारच्या पोरांसोबत हे गारठ्यात अंगणभर फटाके उडवत होते आणि एकदाही खोकले नव्हते. आपल्याकडे रीत काय आहे? घरात पाहुणा बसलेला असला की घरधन्याला उठून जाता येत नाही. कितीही महत्त्वाचं बोलावणं येवो. पाहुणा उठल्यावर मग तो उठणार.

मग मी रोज कोपऱ्यात पाट मांडत गेले. संक्रांतीला तिळगूळ ठेवत गेले, भाद्रपदात गौरीच्या हळदीकुंकवाचा पहिला मान तिला. हसू नकोस, तिच्यासारखी पाहुणी मिळायची नाही. चहा मागत नाही, आमटीचं झाकण काढत नाही. डॉक्टरांनी ज्यांना पावसाळा दिला नव्हता त्यांनी इथं सोळा-सतरा पावसाळे काढले. हे घरसुद्धा विकत घेतलं. मी सुखात होते गं, अगदी सुखात होते.

मग गेल्या चैत्रातलं हळदीकुंकू. घर बायकांनी भरलेलं. आंब्याची डाळ वाटायची, पन्हं द्यायचं, ओट्या भरायच्या, मला मान वर करायला फुरसत नव्हती. एकेक जण निघत होती. येऊ का, या. येऊ का, या. आणि त्यातच कुणीतरी, दबक्या, अदबीच्या आवाजात...

मी वर न बघता म्हटलं, 'या.'

खळीचा वास माझ्या अंगावरून बाहेर गेला. डाळीचं पातेलं टाकून मी फाटकापर्यंत धावले, 'बसा की, बसा की' म्हणत. बायका बघतच राहिल्या.

पावसाळ्यात ह्यांनी अंथरूण धरलं. एका संध्याकाळी उंबऱ्याकडे बघत बसले होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, 'येऊ का?' जन्मभर मला विचारल्याशिवाय काही केलं नाही, हे तरी कसं करतील?

मी काय म्हणणार होते, कल्याणी? मी म्हटलं, 'बसा की. एवढी काय घाई आहे?'

सकाळी लोक जमले, आणि जे न्यायचं ते घेऊन गेले. बायका माझं कुंकू पुसायला पुढे झाल्या, मी हात धरला त्यांचा. त्या दिवसापासून कुणी माझ्याकडे येत नाही. वेड लागलं म्हणतात. पण त्याच संध्याकाळी माजघरातून खोकला आला. मग कुंकू पुसायचं कशाला?

अशी पांढरी पडू नकोस. तूही ऐकलास की मघाशी.

एवढंच, की अलीकडे खोकला लांबून यायला लागला होता. परसातून आल्यासारखा, कधी विहिरीपलीकडून. घरात बसायलाच कुणी नाही, तर घरधनी किती दिवस थांबणार? म्हणून म्हटलं, अर्धं घर द्यावं कुणाला तरी. तू येऊन बसलीस आणि बघ, आता कसा जवळून येतोय. दाराच्या मागेच.

टांगा थांबला वाटतं फाटकाशी. तुझे यजमान असतील. अगं, उठलीस कशाला? कंदील पडेल, जपून.

काय म्हणालीस?

'येऊ का?' म्हणालीस. चांगल्या घरची आहेस हो.

बस की गं. एवढी काय घाई आहे?