बाक नऊचं उत्तर

आधीच सांगतो, माझी शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. शब्दही माझे साधेच आहेत. पण गोष्ट घडली तशीच सांगतो, घाबरवायचं म्हणून तिखटमीठ लावत नाही.

आमच्या पावाच्या भट्टीवर एक मुलगा होता. कुणाशी बोलायचा नाही, म्हणून सगळे त्याला घुम्या म्हणत. रात्रभर भट्टीवर, सकाळी घरी. तो आला की त्याची ताई कामाला निघायची आणि दिवसभर वडिलांपाशी घुम्या. वडिलांची जीभ लुळी पडली होती, एकच हात चालायचा. त्या हातात स्टीलचा चमचा. काही लागलं की ते तो पलंगाच्या दांडीवर वाजवायचे, ठण... ठण... आणि बाजूच्या खोलीतून घुम्या अर्धवट झोपेत उठून यायचा. म्हणजे झोप अशी नव्हतीच. डोळे कायम चुरचुरत. तरी राहिलेली दहावी पुरी करायची म्हणून संध्याकाळी तो शाळेत जाऊन बसायचा.

शाळेत बाई एक कादंबरी शिकवत होत्या, एका नावाड्याच्या मुलीची. पलीकडच्या काठावर कुणी घंटा वाजवली की तिनं नाव घेऊन जायचं. एका रात्री घंटा वाजत राहते आणि ती उठत नाही. वर्गात कुणी तोंड उघडेना, म्हणून बाईंनी ब्लॉग काढला होता. नावाऐवजी बाकाचा नंबर टाकायचा, म्हणजे लाजणारेही लिहितील. आपलं मत लिहायचं आणि ज्याला कुणी उत्तर दिलं नसेल, त्याला उत्तर द्यायचं.

बाईंचा प्रश्न होता, 'घंटा ऐकूनही ती का उठली नाही?' कुणी लिहिलं, निर्दयी होती. कुणी लिहिलं, बापावर रुसली होती. बाक दोनवरच्या ट्रकवाल्यानं लिहिलं, 'रात्रपाळीला चहा नाही, काय उठायचं!'

सगळ्यांत वर बाक नऊचे शब्द होते. 'तिला ऐकू आली होती. तिला वाटलं, स्वप्नातच वाजतेय.' त्याखाली कुणाचंच उत्तर नव्हतं.

घुम्यानं लिहिलं, 'खरं आहे. दमलेल्या माणसाला घंटासुद्धा अंगाईसारखी वाटते.'

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'तुझ्या घरी कोण आहे?'

'वडील. आजारी असतात.'

'दुपारी झोपू नकोस.'

आपल्या दुपारचं बाक नऊला काय ठाऊक, म्हणून घुम्या वर्ग सुटल्यावर मागे थांबला. "बाई, बाक नऊवर कोण बसतं?"

"आठच तर बाक आहेत आपल्याकडे. नववा मोडला मागच्या वर्षी." बाईंनी त्याचा मोबाइल घेतला. "अगंबाई! हे जुनं आहे रे. ब्लॉग तोच ठेवला मी, मागच्या वर्गाचं पुसायचं राहिलं." मग आवाज खाली आला. "होती एक मुलगी. आईचं सगळं करून यायची. एका दुपारी आई हाका मारत राहिली आणि हिचा डोळा लागलेला... आई गेली. त्यानंतर ही झोपलीच नाही म्हणतात. थोड्याच दिवसांत तीही गेली."

"पण बाई... तिनं मला काल उत्तर दिलंय."

"वेड लागलंय का? मी पास केल्याशिवाय इथं काही दिसतच नाही. मी तर..." बाईंनी खालचं वाचलं. मग तापलेला तवा धरावा तसा मोबाइल दोन बोटांत धरून त्याला परत दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घुम्या बाजूच्या खोलीत भिंतीला टेकून बसला. पडदा ओढलेला, गल्ली सामसूम. हाताला अजून भट्टीच्या राखेचा वास. झोपायचं नाही, झोपायचं नाही, असं घोकता घोकता मान कधी कलली, कळलं नाही.

मांडीवरचा मोबाइल थरथरला. बाक नऊ.

'ऐकू येतंय का?'

त्यानं कान दिला. काहीच नाही.

'चमचा...'

चमच्याबद्दल त्यानं कुठंच लिहिलं नव्हतं. तो धावला. वडील उशीवरून घसरले होते, घशात घरघर, ओठ काळेनिळे. चमचा जोरजोरात आपटत होता, पण दांडीवर नाही, गोधडीवर. मुका. घुम्यानं त्यांना उचलून बसवलं, पाठ चोळली, तेव्हा कुठं श्वास परत लागला.

संध्याकाळी त्यानं लिहिलं, 'वडील वाचले. तुमचे उपकार कसे फेडू?'

उत्तर लगेच आलं. 'तू झोप आता. मी आहे जागी.'

सकाळी तो भट्टीवरून आला, तेव्हा ताई दारातच चप्पल घालत उभी होती. "काय रे, खुर्ची बाबांच्या उशाशी तू ओढलीस? पाय अडकून पडले असते मी!"

"मी आत्ता येतोय, ताई."

"मग काय चालत गेली? थांब, ठेवते जागेवर."

घुम्यानं खोलीत डोकावलं. वडिलांचे डोळे उघडे होते, रिकाम्या खुर्चीवर लागलेले.

"असू दे, ताई," तो म्हणाला. "असू दे तिथंच."

ताई गेली. तो बाजूच्या खोलीत आडवा झाला. किती दिवसांनी पाठ जमिनीला टेकली होती. डोळे मिटत आले, तेवढ्यात आतून आवाज आला. ठण... ठण... मग खुर्ची करकरली, कुणी उठावं तशी.

चमचा थांबला. मग पुन्हा वाजू लागला, जोरात.

त्याला ऐकू आलं. त्याला वाटलं, ती आहे जागी. तो उठला नाही.