उजवा अर्धा

साहेब, तुम्ही खोटं बोललात. 'ऑपरेटरची जागा रिकामी आहे' असं सही-शिक्क्यानिशी लिहून दिलंत, म्हणून मी अमरावती सोडून अकोल्यात, तुमच्या वाचनालयात आलो.

कॉम्प्युटर जुना, दोन जीबीचा. मी त्यावर लिनक्स टाकलं आणि डेस्कटॉप हलका राहावा म्हणून तीन टायलिंग विंडो मॅनेजर तपासायला घेतले. कॉलेज नाही केलं मी, पण एवढं कळतं. यात खिडक्या फरशीसारख्या शेजारी-शेजारी बसतात. एकीखाली दुसरी दडत नाही. एकच उघडली तर अख्खा पडदा तिचा.

आधी आयथ्री. सेटिंगची फाइल साधी, कोणालाही वाचता येईल अशी. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडलं तर पडदा अर्धाच भरला. उजवा अर्धा काळा. उघड्या खिडक्यांच्या यादीत खिडकी एकच.

माझीच चूक समजून डीडब्ल्यूएम टाकला. सगळ्यात हलका, पण नुसता रंग बदलायचा तरी अख्खा प्रोग्राम नव्यानं कंपाइल करा. उजवा अर्धा काळाच. मग बीएसपीडब्ल्यूएम, त्याला शॉर्टकटसाठी वेगळा प्रोग्राम लागतो. तिन्ही लिहिणारे वेगळे, कोड वेगळा, काळा भाग तोच. हार्ड डिस्क नवी घातली. तरी तोच.

शिपाई डोमाजी चहा घेऊन आले.

"देवानंदभाऊ, खुर्ची डावीकडे घ्या जरा."

"काहून?"

"उजवीकडे आधीच्या ऑपरेटर रागिणीबाई बसत होत्या."

"गेल्या कुठं त्या?"

"साहेब म्हनते, बदली झाली."

"कोणत्या गावाले?"

"मले कोन सांगते? चहा घ्या, थंडा होऊन राहिला."

ट्रेमधला दुसरा कप त्यांनी उजवीकडे ठेवला.

तुम्हाला विचारलं, तर म्हणालात, "आपल्या कामाशी काम ठेवा."

दुसऱ्या दिवशी काळ्या भागात ओळ उमटली. रागिणी, हजर, १०:०५. मग रोज एक. वेळ माझ्या येण्याचीच.

आज टर्मिनल उघडलंच नाही. पडदा पूर्ण काळा, मधोमध एक रेघ. उजवीकडे तिची ओळ.

डावीकडे देवानंद, हजर.

मी कीबोर्डला बोटही लावलं नव्हतं.

डोमाजी आले. दोन्ही कप उजवीकडे ठेवले.

"डोमाजी!"

त्यांनी वर पाहिलं नाही. दाराशी जाऊन खळीनं कागद चिकटवला.

'ऑपरेटरची जागा रिकामी आहे.'

खाली सही तुमची, साहेब. शाई अजून ओली आहे. मी तर याच खुर्चीत बसून आहे. मग जागा रिकामी कशी झाली?

उत्तर द्या.